मोठेपणी जबडा वाढतो तेव्हा

बारडोलीकडे ऊसतोड सुरू झाली की बांधावर दातांनी ऊस सोलणे आलेच. त्या वेळी दातांइतकेच श्रम जबड्याच्या सांध्याला पडतात. कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा, सांधा हलताना कळेल.

या सांध्यात हाडाच्या टोकावर कूर्चेचा थर असतो. त्यातील पेशींना वाढीचा हुकूम रक्तातून येणारी हार्मोन्स देतात. त्यांत मुख्य आहे मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीचे वाढीचे हार्मोन.

वयात आल्यावर हातापायांच्या लांब हाडांची वाढ थांबते. जबड्याची कूर्चा मात्र पुन्हा जागी होऊ शकते. पिट्यूटरीत गाठ होऊन हार्मोन वाढले, तर चाळिशीतही जबडा पुढे येतो, दातांत फटी पडतात, अंगठी व चप्पल घट्ट होते. बदल सावकाश होतो, म्हणून घरच्यांना उमगत नाही. दुर्लक्ष केल्यास मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार मागे लागतात.

आम्ही एवढेच सुचवतो : शंका आल्यास लग्नातला फोटो काढून चेहरा ताडून पाहा. फरक दिसला तर नजर उतरवीत बसू नका, सुरतेच्या सिव्हिल हॉस्पिटलात दाखवा. रक्ततपासणीने रोग कळतो. शस्त्रक्रिया व औषधे आहेत. देवाने दिलेल्या देहाची वेळीच राखण करू या.