फळा भिंतीला कोण धरून ठेवते?

धुळ्याजवळच्या एका शाळेतली गोष्ट. उन्हाळ्याची सुटी संपवून शिक्षक वर्गात आले, तर फळा जमिनीवर! वर्गात मुले नव्हती हे नशीब. गंमत अशी, की चारही स्क्रू फळ्याच्या चौकटीत घट्ट होते आणि प्रत्येक स्क्रूला लाकडाची पाचर जशीच्या तशी चिकटलेली होती. स्क्रूने लाकूड सोडले नव्हते, पाचरीने भिंत सोडली होती.

असे का झाले? आधी साधा प्रश्न घेऊ. लाकडात ठोकलेला खिळा का निघत नाही? खिळा शिरताना तंतू बाजूला सरतात आणि परत जागेवर येऊ पाहतात. त्या दाबामुळे घर्षण निर्माण होते, आणि खिळा टिकतो तो त्या घर्षणावर. वीट मात्र ठिसूळ. तिच्यात खिळा मारला तर तिचा चुरा होतो, भोक मोठे होते आणि दाबून धरायला काही उरत नाही. म्हणून विटेच्या भोकात थोडी दबणारी वस्तू आधी घालायची आणि स्क्रू तिच्यात पिळायचा. स्क्रू तिला फुगवतो, ती भिंतीला रेटते.

खानदेशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत हा प्रश्न फारसा येत नसे. छताचा भार लाकडी खांबांवर असे. खुंट्या आणि फडताळाच्या चौकटी भिंत चढत असतानाच बसवीत. आज आपण तयार भिंतीला भोक पाडतो.

आता त्या पाचरीकडे वळू. ती बसवली होती ऐन श्रावणात. लाकूड हवेतला ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीत जवळजवळ नाहीच, पण तंतूंच्या आडव्या दिशेला चांगलेच. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, हवा ठणठणीत कोरडी असते. 25 मिलिमीटर जाडीची पाचर 2 टक्केच आकसली तरी अर्धा मिलिमीटर फट पडते. फट पडली की दाब गेला, दाब गेला की घर्षण गेले! म्हणून जाणते सुतार पूर्ण वाळलेले लाकूडच वापरतात, आणि पाचर आतल्या टोकाला रुंद ठेवून सिमेंटमध्ये बसवतात.

जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तागाच्या तंतूंचा प्लग आणला. त्याच्या नावावरूनच आपल्याकडे 'रावल प्लग' हा शब्द रुळला. 1958 साली जर्मनीतल्या आर्टुर फिशर यांनी नायलॉनचा, दोन बाजूंना फाकणारा प्लग बनवला. असे प्लग ओलाव्याने लाकडाइतके फुगत-आकसत नाहीत. मात्र गिलाव्याची जाडी विसरू नका. आखूड प्लग नुसत्या गिलाव्यातच राहतो आणि खपली घेऊन बाहेर येतो.

नव्या ब्लॉकांनी वेगळाच पेच आणला आहे. औष्णिक वीज केंद्रांतली राख (आपल्याकडे भुसावळजवळच्या दीपनगरला असे केंद्र आहे) हलके, सच्छिद्र ब्लॉक बनवायला वापरतात. मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घातली की हायड्रोजन सुटतो आणि बुडबुडे तयार होतात. असा ब्लॉक साध्या विटेच्या साधारण एक तृतीयांश घनतेचा असतो. त्यात जोरात फुगणारा प्लग बुडबुड्यांच्या पातळ भिंती चिरडतो. तिथे लांब, खास आट्यांचा प्लग हवा, आणि भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद हवा. पोकळ सिमेंट ब्लॉकमध्ये प्लगचे टोक पोकळीत लोंबते. तिथे आत गेल्यावर पंख उघडणारा बोल्ट वापरावा किंवा बांधतानाच ती पोकळी काँक्रीटने भरावी. दाराच्या चौकटीला तर लोखंडी होल्डफास्टच हवेत, तेही काँक्रीटमध्ये पक्के केलेले.

वर्गात एक गणित घालून पाहा. 30 सेंटिमीटर रुंद फळीवर 20 किलो पुस्तके आहेत, म्हणजे भार भिंतीपासून सुमारे 15 सेंटिमीटरवर. खालच्या आधाराचे टोक आणि वरचे स्क्रू यांत 10 सेंटिमीटर अंतर असेल, तर वरच्या स्क्रूंना बाहेर ओढणारे बल किती? 20 × 15 ÷ 10, म्हणजे 30 किलोच्या वजनाइतके! हेच अंतर 20 सेंटिमीटर केले तर 15 किलोइतके. पुस्तके तीच, फळी तीच.

त्या शाळेतला फळा आता जमिनीतून उभ्या केलेल्या दोन लाकडी खांबांवर टेकवला आहे. वरचे स्क्रू फक्त तो पुढे कलू देत नाहीत.