स्टोनहेंजची ‘निरुपयोगी’ हाडे

दक्षिण इंग्लंडमधील सॅलिस्बरीच्या माळरानावरील स्टोनहेंज म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते अजस्र पाषाणस्तंभ. मात्र हे प्रागैतिहासिक स्मारक कोणाचे, या प्रश्नाच्या उत्तराजवळ संशोधकांना नेले ते एकेकाळी निरुपयोगी ठरवलेल्या हाडांच्या तुकड्यांनी.

कर्नल विल्यम हॉली यांनी १९१९ ते १९२६ या काळात येथे उत्खनन केले. स्मारकाभोवतीच्या वर्तुळाकार खंदकाच्या आत ५६ खड्ड्यांचे कडे आहे. सतराव्या शतकातील अभ्यासक जॉन ऑब्रे यांच्या नावाने हे खड्डे ओळखले जातात. त्यांतून आणि खंदकातून हॉली यांना मानवी दहनाचे अवशेष मिळाले. पण जळक्या हाडांवरून काही कळेल, असे त्या काळी वाटत नव्हते. ती ठेवून घेण्यास एकही संग्रहालय तयार होईना. अखेर १९३५ मध्ये सारी हाडे एकत्रच सात क्रमांकाच्या खड्ड्यात पुरण्यात आली. कोणते हाड कोणाचे, हा तपशील तेव्हाच हरवला.

पुरातत्त्वज्ञ माइक पार्कर पिअरसन यांच्या पथकाने २००८ मध्ये तोच खड्डा पुन्हा उघडला. त्यातून सुमारे ५० हजार तुकडे बाहेर आले. कार्बन कालमापनानुसार येथील दफने इ.स.पू. ३००० च्या सुमारास सुरू झाली. मोठे स्तंभ उभे राहिले ते इ.स.पू. २५०० च्या आसपास. म्हणजे त्याआधी कित्येक शतके ही जागा स्मशानभूमी होती.

पुढचा टप्पा २०१८ चा. निरनिराळ्या खडकांत स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण निरनिराळे असते. ते मातीतून पिकांत आणि अन्नातून हाडांत उतरते. चितेच्या प्रखर उष्णतेने डीएनए नष्ट होतो, पण त्याच उष्णतेने हाडाची स्फटिकरचना घट्ट होऊन स्ट्रॉन्शियमची खूण तीत बंदिस्त होते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील क्रिस्टोफ स्नोक आणि सहकाऱ्यांनी २५ व्यक्तींचे अवशेष तपासले. त्यांपैकी किमान दहा जण आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत स्टोनहेंजच्या चुनखडीच्या प्रदेशात राहत नव्हते. काहींची खूण पश्चिम वेल्सशी जुळते. स्मारकातील लहान निळसर शिळाही तेथल्याच, सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवरच्या प्रेसेली टेकड्यांतून आलेल्या. हीच माणसे त्या शिळा घेऊन आली, असे म्हणणे मात्र घाईचे ठरेल.

ही तपासणी होऊ शकली, याला न्यायालयीन लढाईचीही पार्श्वभूमी आहे. उत्खननाच्या परवान्यानुसार हाडे दोन वर्षांत पुन्हा पुरायची होती. संशोधकांना मुदतवाढ मिळाली. तिला आधुनिक ड्रुइड पंथाच्या एका नेत्याने दिलेले आव्हान लंडनच्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळले. पूर्वजांच्या अस्थींना विश्रांती मिळावी, ही मागणी हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मात्र ती तेव्हाच मान्य झाली असती, तर २०१८ मध्ये तपासायला ही हाडे हाती उरली नसती.