भार वाढतो, रोध घटतो

रोधांच्या जोडणीचा धडा शिकताना पहिले सूत्र सहज गळी उतरते आणि दुसरे घशात अडकते. 10 आणि 20 ओहमचे रोध एकसर, म्हणजे एकामागे एक जोडले तर परिणामी रोध 30 ओहम. तेच समांतर जोडले तर उत्तर येते सुमारे 6.67, दोघांतल्या धाकट्याहूनही कमी. अडथळ्यात अडथळा घातला आणि अडथळा घटला, हे पटत नाही. मग व्यस्तांकांचे सूत्र पाठ करून पोरे मोकळी होतात. वास्तविक दोन्हीकडे बेरीजच आहे, कशाची करायची एवढेच बदलते. एकसर जोडणीत विद्युतधारेला वाट एकच आणि प्रत्येक रोध तिला अडवणारा, म्हणून अडथळे मिळवायचे. समांतर जोडणीत प्रत्येक रोध ही एक नवी वाट, अरुंद का असेना. तिथे वाटांचा मोकळेपणा मिळवायचा. रोधाचा व्यस्तांक म्हणजे हा मोकळेपणा. टोलनाक्यावर संथ कारकुनाची का होईना, आणखी एक खिडकी उघडली तर गाड्या जास्तच सुटतात.

हे गणित परीक्षेपुरते नाही, कारण घरातली उपकरणे समांतर जोडलेली असतात. 230 व्होल्टवर 1000 वॅटच्या इस्त्रीचा रोध 52.9 ओहम, पाणी तापवायच्या 2000 वॅटच्या कॉइलचा 26.45. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डाला लावली की परिणामी रोध 17.6 ओहमवर उतरतो आणि धारा 13 अँपिअरपर्यंत चढते. आपण ‘लोड वाढला’ म्हणतो तेव्हा रोध घटलेला असतो. पण बोर्डापर्यंत येणारी वायर मात्र या सगळ्यांशी एकसर असते. एक चौरस मिलिमीटर काटछेदाची, दहा मीटर लांबीची तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध सुमारे 0.35 ओहम, म्हणजे नगण्यच वाटावा. एकटी इस्त्री चालू असताना या वायरीत साडेसहा वॅट उष्णता निर्माण होते. कॉइलही लावली की 57 वॅट. धारा तिप्पट झाली, उष्णता जवळपास नऊपट, कारण उष्णता धारेच्या वर्गाच्या पटीत वाढते.

यावर जाणकार म्हणतील की रोध काही स्थिर आकडा नव्हे, तो तापमानाबरोबर बदलतो. बरोबर आहे. जुन्या पिवळ्या बल्बची थंड तार पेटलेल्या तारेच्या जेमतेम एक दशांश रोध दाखवते. पण इस्त्रीत आणि कॉइलमध्ये नायक्रोम असते, त्याचा रोध तापल्यावर फारसा हलत नाही. वरचा हिशेब त्यामुळे टिकतो. प्रत्येक जाळे एकसर-समांतर तुकड्यांत सुटत नाही, हाही आक्षेप खरा. व्हीटस्टनचा सेतू संतुलित नसेल तर ही दोन सूत्रे हात टेकतात आणि किर्कहॉफच्या 1845 च्या नियमांकडे जावे लागते. घरातल्या बोर्डावर ती वेळ येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: एमसीबी असताना हा हिशेब हवा कशाला? कारण एमसीबी केवळ धारा पाहतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला 13 अँपिअर चालतात. बोर्डाच्या 6 अँपिअरच्या पिनेला चालत नाहीत. त्यात पिन सैल असेल तर तिथे समजा अर्धा ओहम रोध एकसर वाढला. वायर धरून पूर्ण मंडलाची धारा त्यामुळे 12.8 वरून 12.4 अँपिअरवर येते, आणि नखाएवढ्या जागेत 77 वॅट उष्णता साठू लागते. सॉकेट वितळू लागले तरी एमसीबीच्या लेखी भार कमीच झालेला असतो.