गाडीला ताप येतो तेव्हा

मुलांनो, आईने कपाळाला हात लावून “अंग गरम लागतंय रे” म्हटलं की पुढे काय होतं ते तुम्हाला पाठच असेल. थर्मामीटर, डॉक्टर आणि मग कडू औषध! गाडीलाही असाच ताप येतो बरं का. गाडी जितकी जुनी, तितका तो वरचेवर येतो. मात्र गाडीला “कुठे दुखतंय?” असं विचारता येत नाही. तिचा आवाज, वास आणि धूर यांवरूनच ओळखावं लागतं.

उदाहरणासाठी आपण प्रीमियर पद्मिनी घेऊ. तुमचे आजोबा तिला सरळ ‘फियाट’ म्हणत असतील. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार व्हायची. काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात तर ती मुंबईची ओळखच झाली होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली. तरी हौसेने जपलेल्या पद्मिनी अजून गावोगावी दिसतात. आमच्या शेजारच्या काकांकडे आहे एक. तिची गोष्ट पुढे सांगते.

आधी सांगा, इंजिन तापतं कशाने? पेट्रोलचा आणि हवेचा भडका उडतो त्याने. सिलिंडरच्या आत त्या क्षणी दोन हजार अंशांच्याही वर उष्णता असते. तिच्यातला जेमतेम तिसरा हिस्सा गाडी पुढे न्यायला उपयोगी पडतो. उरलेली उष्णता धुराबरोबर आणि पाण्यावाटे बाहेर टाकावी लागते. म्हणून सिलिंडरभोवती पाणी खेळवलेलं असतं. पंप ते पाणी फिरवतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते थंड होतं आणि परत इंजिनात येतं. जुन्या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो.

आता ही गाडी खोपोलीहून बोरघाट चढते आहे असं समजा. खालचा गिअर, इंजिन जोरात फिरतंय, पण गाडी मात्र बैलगाडीच्या चालीने. म्हणजे उष्णता भरपूर आणि समोरून येणारा वारा कमी. ताप येणारच! पूर्वी शिंगरोबाच्या देवळापाशी नाणं टाकायला गाड्या थांबायच्या. त्या निमित्ताने इंजिनालाही विसावा मिळत असणार, असं मला आपलं वाटतं.

काटा लाल खुणेकडे गेला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची. आणि इथे मुलांनो, आणि तुमच्या आईबाबांनीही, एक गोष्ट नीट वाचा. रेडिएटरचं झाकण लगेच उघडायचं नाही. फडकं धरूनसुद्धा नाही. का? प्रेशर कुकर आठवा. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळतं, पण दाब वाढला की त्याला उकळायला जास्त उष्णता लागते. बाहेरच्या हवेच्या दीडपट दाब असेल तर ते सुमारे १११ अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण हा दाब धरून ठेवतं. ते फिरवलंत की दाब एकदम जातो आणि आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते. एक पेला पाण्याला वाफ झाल्यावर दीड हजारांहून जास्त पेल्यांची जागा लागते! ती वाफ आणि उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबा, हाताला रेडिएटर कोमट लागू द्या, मग मोठ्या माणसाने झाकण हळू सोडावं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणंही तितकंच वाईट. गरम काचेच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं तर काय होतं? इंजिनाच्या हेडला तसाच तडा जाऊ शकतो.

गाडी निवल्यावर शोध सुरू करायचा, तो बाहेरून. पाणी कमी आहे का? गाडीखाली थेंब दिसतात का? रबरी होज पाइप फुगलेत, चिरलेत का? पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघतात. तो बोटभरापेक्षा जास्त खाली गेला तर ढिला आहे. रेडिएटरच्या तोंडावर चिखल, मेलेले किडे, एखादी प्लॅस्टिकची पिशवी अडकली आहे का? हसू नका, पिशवीने तापलेल्या गाड्या खूप असतात. इंजिन तापलंय पण वरचा होज पाइप गारच आहे, तर थर्मोस्टॅट अडकला असेल. ही मेण भरलेली छोटी डबी असते. मेण वितळलं की ती पाण्याला वाट देते. ती नादुरुस्त झाली की काही गॅरेजवाले सरळ काढून फेकतात. मला हे पटत नाही. मग इंजिन लवकर गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त खातं.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणीही घात करतं. पाणी तापवायच्या हंड्यात पांढरा थर धरतो ना, तसाच रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. म्हणून बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट घालावं.

आता काकांची गाडी. ती घाटात तापायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, “इंजिन उतरवावं लागेल.” काका घाबरले आणि तशीच चालवत राहिले. वर्षभराने आमच्या शाळेशेजारच्या मिस्त्रींकडे गाडी आली, तेव्हा मीही बघायला उभी होते. रेडिएटर चिखलाने निम्मा बुजलेला, पट्टा ढिला. एवढंच! पण मिस्त्री खूश दिसेनात. ते इंजिनाला कान लावून म्हणाले, “बाई, ही तीन पायांवर चालतेय.”

पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन व्हॉल्व्ह असतात. एक हवा-पेट्रोल आत घेणारा, दुसरा धूर बाहेर सोडणारा. गणित करा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडतो. म्हणजे सेकंदाला २५ वेळा! त्यातला धुराचा व्हॉल्व्ह तर लालबुंद होतो. तो गार होतो तो मुख्यतः आपल्या बैठकीवर घट्ट टेकतो तेवढ्या क्षणात. त्याला ढकलणाऱ्या दांडीपाशी दोन-तीन कागदांच्या जाडीइतकी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर धातू वाढतो. फट जास्त झाली तर टक् टक् आवाज येतो. त्याला मिस्त्री ‘टॅपेट वाजतोय’ म्हणतात. फट उरलीच नाही तर आवाज येत नाही. लोकांना वाटतं, वा, इंजिन किती शांत! पण तेव्हा व्हॉल्व्ह पुरता टेकत नाही, गार होत नाही आणि कडेने जळतो. त्यात इंजिनच सारखं तापत असेल तर बघायलाच नको.

मिस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडाशी वहीचं पान धरलं. इंजिन निरोगी असेल तर ते सारखं बाहेर ढकललं जातं. हे मधेच आत ओढलं जात होतं. मग एकेक स्पार्क प्लग काढून त्या भोकात दाबमापक लावला. तिसऱ्या सिलिंडरचा दाब निम्मासुद्धा नव्हता. त्यात त्यांनी चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा मोजलं. दाब वाढला असता तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, कारण ऑइल तिथली फट तात्पुरती बुजवतं. वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्हच! (हे प्रयोग तुम्ही करायचे नाहीत. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात.)

हेड उतरवलं, नवा व्हॉल्व्ह आला. तो बैठकीवर घासून बसवायची रीत बघण्यासारखी आहे. कडेला दाणेदार पेस्ट लावायची, रबरी टोपीची काठी व्हॉल्व्हला चिकटवायची आणि ती दोन्ही तळहातांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची. सगळीकडून सारखी करडी कड उमटली की झालं. शेवटी वरून थोडं रॉकेल ओतून ठेवलं. एक थेंबही खाली झिरपला नाही, तेव्हाच मिस्त्रींनी हात पुसले.

साफसफाई आणि पट्ट्याचं काम तासाभराचं होतं. हेडच्या कामाला सहा दिवस लागले आणि काकांचा बोनस गेला. जळालेला व्हॉल्व्ह मी मागून आणला. आमच्या चौथीच्या वर्गाच्या कपाटात तो ठेवला आहे. त्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा उडालाय. मुलं त्यावरून बोट फिरवतात आणि विचारतात, “बाई, एवढ्याशाने?”