ओझरचें विमान कां येतें व कां जातें

नाशकाहून मुंबई-आग्रा रस्त्यानें ईशान्येस निघालें असतां सुमारें वीस किलोमीटरांवर ओझर लागतें. आमच्या विद्यार्थ्यांस या गांवाची ओळख बहुधा आकाशांतून होते. लढाऊ विमानाची घरघर कानीं पडली कीं वर्गांतील साऱ्या माना एकदम खिडकीकडे वळतात, आणि फळ्यावरील समीकरण कांहीं क्षण बिचारें एकटें पडतें. परंतु अलीकडे ओझरचें नांव घरोघर निघूं लागलें आहे तें निराळ्या कारणानें. कोणाचा मुलगा हैदराबादेस नोकरीस असतो, कोणाची मुलगी अहमदाबादेस शिकावयास असते. दिवाळीचीं तिकिटें दोन महिने अगोदर काढून ठेवलेलीं असतात, आणि एके दिवशीं निरोप येतो कीं अमुक तारखेपासून ही विमानसेवा बंद होत आहे. मग घरांत दोन मतें ऐकूं येतात. एक म्हणतो, "कंपन्याच लबाड!" दुसरा म्हणतो, "नाशकाच्या नशिबींच विमान नाहीं." दोन्ही मतें सोपीं आहेत व दोन्ही अपुरीं आहेत. लहान विमानतळावरील सेवा कां सुरूं होते व कां बंद पडते, याचा एक हिशेब आहे. तो समजून घेण्यास २०२२ च्या नोव्हेंबरपासून २०२३ च्या अखेरपर्यंतचा नाशकाचा काळ फार उपयोगी पडतो.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, ओझरचा विमानतळ मुळांत उतारूंसाठीं बांधलेला नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४० मध्यें बंगळुरास विमानांचा कारखाना काढला. तोच पुढें सरकारच्या मालकीचा होऊन व वाढून हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था झाली. तिचा नाशिक विभाग १९६४ मध्यें ओझर येथें स्थापन झाला, तो मिग-२१ या रशियन बनावटीच्या लढाऊ विमानांच्या बांधणीसाठीं. पुढें येथें मिग-२७ झालीं, सुखोई-३० झालीं. मिग-२१ तर सप्टेंबर २०२५ मध्यें वायुदलांतून निवृत्तही झालें, आणि पुढच्याच महिन्यांत ओझर येथें बांधलेल्या पहिल्या तेजस विमानानें येथून उड्डाण केलें. अशा विमानांसाठीं येथें तीन किलोमीटर लांबीची धावपट्टी आहे, व तिच्यावर मोठमोठीं मालवाहू विमानेंही उतरूं शकतात. तेव्हां नाशकास धावपट्टीची वाण कधींच नव्हती. उतारूंस बसावयास व सामान तपासावयास योग्य जागा मात्र नव्हती. ती उणीव राज्य सरकारनें सुमारें ८४ कोटि रुपये खर्चून भरून काढली, आणि ३ मार्च २०१४ रोजीं नव्या उतारूगृहाचें उद्‌घाटन झालें.

इमारत झाली, पण नियमित विमान कांहीं येईना. येथें आगगाडी व विमान यांतील मोठा भेद दिसतो. आगगाडीच्या कंपनीनें थळघाट फोडून १८६५ मध्यें रूळ इगतपुरीपर्यंत चढविले, तेव्हां तिचें भांडवल त्या डोंगरांत पुरलें गेलें. उतारू कमी आले म्हणून घाट उचलून दुसऱ्या प्रांतांत नेण्याची सोय नव्हती. विमानास रूळ नसतात. त्याच्या कंपनीचें भांडवल त्याच्या पंखांबरोबरच उडतें. आज नाशकास येणारें विमान उद्यां जबलपुरास किंवा तिरुपतीस नेलें, तर कंपनीचा खिळाही मागें राहत नाहीं. म्हणून विमानाच्या कंपनीस गांवीं आणणें जितकें कठीण, तितकेंच तिला टिकवून धरणेंही कठीण असतें.

लहान शहरांची ही अडचण ओळखून केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०१६ मध्यें 'उडान' ही योजना काढली. तिचें स्वरूप थोडक्यांत असें. कंपनीनें विमानांतील सुमारें निम्मीं आसनें स्वस्त भाड्यानें द्यावयाचीं. तासाभराच्या, म्हणजे सुमारें पांचशें किलोमीटरांच्या प्रवासास हें भाडें प्रारंभीं अडीच हजार रुपये ठरलें होतें. त्यामुळें जी तूट येईल ती सरकारनें भरून द्यावयाची, आणि तीहि राज्यानें पांचवा हिस्सा उचलून. शिवाय उतरण्याचें शुल्क माफ, व इंधनावरील राज्याचा कर अवघा एक टक्का. तुटीची ही भरपाई तीन वर्षें मिळावयाची, आणि तेवढीं वर्षें त्या मार्गावर दुसरा प्रतिस्पर्धीही येऊं द्यावयाचा नाहीं. हा पैसा येतो कोठून? मोठ्या शहरांमधील विमानांवर बसविलेल्या आकारांतून. म्हणजे मुंबईहून दिल्लीस जाणारा उतारू, त्याला ठाऊक असो वा नसो, ओझरच्या उतारूचें थोडें भाडें भरीत होता.

या योजनेखालीं डिसेंबर २०१७ मध्यें एअर डेक्कन कंपनीनें एकोणीस आसनांचें छोटें विमान नाशिक-मुंबई व नाशिक-पुणें या मार्गांवर आणलें. लोकांस मोठें कौतुक वाटलें. परंतु मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदून जातात, त्यामुळें एका वेळीं एकच वापरतां येते व तेथें उतरण्याची वेळ मिळविणें हें दिव्यच असतें. ज्या दोन मिनिटांत एकशें ऐंशी माणसांचें विमान उतरूं शकतें, तीं एकोणीस माणसांच्या विमानास कोण आनंदानें देईल? शिवाय नाशिक-मुंबई अंतर हवेंतून सुमारें एकशें साठ किलोमीटर. विमान तें चाळीस मिनिटांत तोडील हें खरें. परंतु अगोदर ओझरला जाणें, तपासणी होणें, मुंबईस उतरून सामानाची वाट पाहणें, हें सारें मोजलें तर तोंवर पंचवटी एक्सप्रेस कसारा घाट उतरून बरीच पुढें गेलेली असते. ती सेवा अनियमित राहिली व थांबली. जून २०१८ मध्यें जेट एअरवेजनें दिल्लीचें मोठें विमान सुरूं केलें, तर एप्रिल २०१९ मध्यें ती कंपनीच बंद पडली. मग ट्रूजेट, अलायन्स एअर, स्पाइसजेट व बेळगांवास जाणारी स्टार एअर अशा कंपन्या आल्या. मध्येंच साथीमुळें २०२० सालीं दोन महिने देशांतील सारीं उतारू-विमानें जमिनीवर होतीं.

आतां त्या वर्षाकडे वळूं. २०२२ च्या उत्तरार्धांत, हिंवाळा लागण्याच्या सुमारास, अलायन्स एअर व स्टार एअर या दोन्ही कंपन्यांनीं नाशकाची सेवा थांबविली. योजनेची मुदत सरल्याचें कारण त्या वेळीं पुढें आलें. नोव्हेंबरच्या अखेरीस धावपट्टीच्या दुरुस्तीसाठीं सुमारें दोन आठवडे विमानतळ बंद होता. स्पाइसजेट तेवढी उरली. अनेकांनीं तेव्हां ओझरची आशा सोडली. तोंच १५ मार्च २०२३ रोजीं इंडिगो कंपनीनें गोवें, अहमदाबाद व नागपूर या तीन शहरांस एकाच दिवशीं सेवा सुरूं केली, आणि पुढें त्याच वर्षीं इंदूर व हैदराबाद यांची भर पडली. नागपूर हवेंतून सुमारें साडेपांचशें किलोमीटर, म्हणजे दीड तासाचा प्रवास. आगगाडीस त्यासाठीं दहा-बारा तास लागतात. ज्यास नागपूरच्या खंडपीठांत किंवा हिंवाळी अधिवेशनांत काम असतें, त्यास या दोहोंतील अंतर सांगावयास नको. परंतु वर्ष सरतां सरतां स्पाइसजेटनेंही नाशिक सोडलें व दिल्लीचें थेट विमान गेलें. तें इंडिगोमार्फत पुन्हां मिळावयास २०२४ उजाडलें. त्याच वर्षीं बंगळुराचीही सेवा सुरूं झाली.

या जाण्यायेण्याचा हिशेब शाळेंतील त्रैराशिकाहून कठीण नाहीं. नाशकास येणारें एटीआर जातीचें पंख्याचें विमान ७८ आसनांचें असतें. समजा, त्याच्या एका फेरीस तीन लक्ष रुपये खर्च येतो (हा आंकडा केवळ उदाहरणाच्या सोयीचा आहे). ७५ उतारू असले तर दरडोई चार हजार पडतात. पन्नास असले तर सहा हजार, आणि चाळीसच असले तर साडेसात हजार. इंधन, वैमानिकांचें वेतन, विमानाचें भाडें हीं कांहीं रिकाम्या आसनांमुळें फारशीं कमी होत नाहींत. भाडें साडेसात हजार झालें कीं पुढच्या आठवड्यांत चाळिसांचे तीस होतात. उलट, भाडें उतरविलें तर उतारू वाढतात, परंतु ते वाढेपर्यंतचा तोटा सोसावा लागतो. सरकारचें अनुदान हें या मधल्या तोट्यासाठीं होतें. तीन वर्षांत जेथें आसनें भरूं लागलीं, तेथें अनुदान सरल्यावरही विमान राहिलें. जेथें भरलीं नाहींत तेथून गेलें. प्रस्तुत लेखकास हें अनुदान वायां गेलें असें वाटत नाहीं. नाशकाहून अहमदाबादेस व हैदराबादेस जाणारा उतारू आहे, हें त्याशिवाय कोणी मानलें नसतें. मात्र तीन वर्षांच्या मुदतींत एखादी सेवा निम्मे दिवस रद्द झाली, तर उतारूची संवय लागणार कशी? आपण उतारूस चंचल म्हणतों, पण ज्यास परीक्षेस किंवा रुग्णालयांत वेळेवर पोंचावयाचें आहे तो दोनदां फसल्यावर मुंबईचाच रस्ता धरणार.

आणि तो रस्ता दिवसेंदिवस सुधारत आहे. समृद्धि महामार्गाचा इगतपुरीपासून पुढचा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्यें खुला झाला. नव्या मुंबईचा विमानतळ त्याच वर्षीं डिसेंबरांत वापरांत आला. दुसऱ्या बाजूस शिर्डीचा विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ पासून आहेच. म्हणजे ओझरला स्पर्धा आहे ती दुसऱ्या कंपनीशीं नसून या मोठ्या शेजाऱ्यांशीं आहे.

सर्वच कारणें मात्र नाशकांत शोधूं नयेत. स्पाइसजेट कंपनी त्या काळीं आर्थिक ओढाताणींत होती व तिचीं कित्येक विमानें जागच्या जागीं उभीं होतीं. मे २०२३ मध्यें गो फर्स्ट ही कंपनी बंद पडली. प्रॅट अँड व्हिटनी या अमेरिकन कारखान्याच्या इंजिनांतील धातूच्या दोषामुळें त्याच वर्षीं जगभर शेंकडों विमानें तपासणीसाठीं बाजूस काढावीं लागलीं. विमानांचाच तुटवडा पडला म्हणजे कंपनी प्रथम लहान शहराची फेरी तोडते. शिवाय नाशकास येणारें विमान सकाळीं भलत्याच शहरांतून निघालेलें असतें. दिवसभराच्या पांच-सहा फेऱ्यांच्या माळेंत नाशिक हा एक मणी. पहाटे हैदराबादेस धुकें पडलें कीं दुपारीं लख्ख उन्हांत ओझरच्या उतारूस तिष्ठत बसावें लागतें, व त्यास कारण कळत नाहीं.

२०२७ च्या सिंहस्थासाठीं ओझरला दुसरी, समांतर धावपट्टी बांधण्याचा संकल्प जाहीर झाला आहे. तिचा खरा लाभ असा कीं, लढाऊ विमानांच्या चाचण्या व उतारूंचीं विमानें यांस एकमेकांची वाट पाहावी लागणार नाहीं. आजवर या दोहोंच्या वेळा जुळविण्यांत बरेंच अडत आलें आहे.

पालकांच्या उपयोगाच्या दोन गोष्टी येथें नमूद करतों. विमानांचें वेळापत्रक वर्षांतून दोनदां बदलतें: मार्चच्या शेवटच्या रविवारीं उन्हाळी व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं हिंवाळी. सेवा सुरूं होणें वा बंद पडणें बहुधा या दोन संधींवर घडतें, आणि दिवाळी कित्येकदां नेमकी तेथेंच येते. म्हणून त्या सुमाराचें तिकीट अगोदर काढलें असल्यास संधीपूर्वीं एकदां चौकशी करावी. दुसरें असें कीं, कंपनीनें उड्डाण रद्द केल्यास उतारूस पूर्ण पैसे परत किंवा दुसरें विमान, यांतील एक मागण्याचा अधिकार आहे. कंपनीनें निदान चोवीस तास अगोदर कळविलें नाहीं, आणि वादळासारखें तिच्या हाताबाहेरचें कारणही नसलें, तर वर भरपाई मिळते. तासाभराच्या उड्डाणास पांच हजार रुपये, दोन तासांपर्यंतच्यास साडेसात हजार व त्याहून लांबच्यास दहा हजार, किंवा मूळ भाडें व इंधन-आकार मिळून होणारी रक्कम, यांपैकीं जें कमी असेल तें. मात्र तिकीट काढतांना उतारूनें आपला संपर्क दिलेला नसेल तर ही भरपाई मिळत नाहीं. तेव्हां दलालामार्फत तिकीट काढणाऱ्यांनीं तेथें दलालाचा नव्हे, स्वतःचाच दूरध्वनि-क्रमांक लिहवावा.