त्याआधी देव काय करीत होता?

गेल्या वर्षीची गोष्ट. बी. ए.च्या वर्गात 'क्रिस्तपुराण' चालले होते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि आपल्या ओवीत त्यांनी ख्रिस्ताची कथा सांगितली. १६१६ साली रायतूरला छापलेल्या या ग्रंथाचा पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होतो. मी रंगात येऊन फळ्यावर ओवीचे चरण पाडून दाखवीत होतो, तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला.

"सर, देवानं सृष्टी निर्माण केली हे ठीक. पण त्याआधी तो काय करत होता?"

तास संपायला दहा मिनिटे उरली होती आणि भाषाविशेष अजून व्हायचे होते. मी म्हणालो, "तुझ्यासारख्यांसाठी प्रश्नपत्रिका काढत होता!" वर्ग खदखदून हसला. मुलगाही हसला, खाली बसला आणि उरलेला वेळ त्याने मान वर केली नाही. मास्तरकीच्या धंद्यात असल्या टाळ्या स्वस्त मिळतात.

मला ती महाग पडली दोन महिन्यांनी, संत ऑगस्टीन वाचताना. पण तिथवर जाण्यापूर्वी वाचकांना थोडे मागे नेणे भाग आहे.

देवाने जग शून्यातून निर्माण केले हे ख्रिस्ती मत पहिल्यापासूनचे, असे आपण धरून चालतो. बायबलच्या आरंभी मात्र ते तितके स्वच्छ सांगितलेले नाही. मूळ हिब्रू वाक्य दोन तऱ्हांनी लावता येते. सारे देवानेच प्रथम केले, हा एक अर्थ. देवाने कामाला हात घातला तेव्हा अंधार आणि पाणी आधीच होते, हा दुसरा. ग्रीक विद्या शिकलेल्यांना दुसरा सोयीचा होता. शून्यातून काही उपजत नाही, हा ग्रीकांचा जुना सिद्धान्त. प्लेटोच्या 'तिमेउस' संवादातला देव हा कारागीर आहे. अस्ताव्यस्त द्रव्याला तो शिस्त लावतो. ॲरिस्टॉटलने तर जग अनादी आहे असे सांगून आरंभाची कटकटच मिटवली. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती हुतात्म्याला प्लेटोचे म्हणणे इतके पटले की, ते त्याने मोशेकडूनच उचलले असले पाहिजे असे त्याने लिहिले. (आपल्याकडे वेदांत विमाने सापडतात, त्यातलाच हा प्रकार!)

यातली मेख अंतिओखचा बिशप थिओफिलस याने इ. स. १८०च्या सुमारास हेरली. द्रव्यही देवाइतकेच अनादी असेल, तर देवाचा मोठेपणा तो कोणता? सामान हाती दिले तर माणूसही हवे ते घडवतो. हर्मोजेनीस नावाच्या एका ख्रिस्ती पंडिताची अडचण निराळी होती. चांगल्या देवाच्या जगात वाईट आले कोठून? दोष देवाचा नव्हे, मालाचा, असे त्याचे उत्तर. टर्टुलियनने कार्थेजहून त्याच्यावर अख्खा ग्रंथच सोडला. देवाला द्रव्यावाचून चालले नसेल तर द्रव्यच देवाहून थोर ठरते, हा त्यातला टोला. अशा भांडणांतून शून्यातून निर्मितीचे मत पक्के झाले.

पण ते पक्के होताच माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न दारात उभा राहिला. काहीच नव्हते आणि एके दिवशी जग झाले, तर त्या दिवसापूर्वी काय?

कप्पदोकियातल्या सिझेरियाचा बिशप बॅसिल याने इ. स. ३७८च्या सुमारास उपासकाळात सृष्टीच्या सहा दिवसांवर नऊ प्रवचने दिली. समोर दिवसाच्या कमाईवर पोट भरणारे कारागीरही असत. त्यांना त्याने सांगितले, रस्त्याचा आरंभ म्हणजे रस्ता नव्हे, घराचा आरंभ म्हणजे घर नव्हे. तसाच काळाचा आरंभ म्हणजे काळ नव्हे. एखाद्या कीर्तनकाराने हेवा करावा असा हा दृष्टान्त आहे.

ऑगस्टीनचा जन्म इ. स. ३५४चा, आजच्या अल्जीरियातला. तारुण्यातली सुमारे नऊ वर्षे त्याने मानीच्या पंथात काढली होती आणि उत्पत्तिकथेची टर उडविण्यासाठी हाच प्रश्न विचारणे हा त्या पंथीयांचा आवडता उद्योग होता. पुढे बिशप झाल्यावर त्याने 'कन्फेशन्स' हे आत्मकथन लिहिले. त्याच्या अकराव्या भागात तो या प्रश्नाकडे वळतो आणि आधी एक विनोद सांगतो. कोणीतरी म्हणे असे उत्तर दिले होते की, असले खोल प्रश्न उकरणाऱ्यांसाठी देव नरक तयार करीत होता. असले उत्तर मी देणार नाही, असे ऑगस्टीन बजावतो. विचारणाऱ्याचे हसे करण्यापेक्षा 'मला ठाऊक नाही' म्हणणे त्याला बरे वाटते.

मी पुस्तक मिटले. सोळाशे वर्षांपूर्वी त्याने टाकून दिलेला विनोद मी स्वतःचा म्हणून वर्गात खपवला होता. फक्त नरकाच्या जागी परीक्षा घातली होती!

मग ऑगस्टीन खरे उत्तर देतो. काळ हीसुद्धा देवाचीच निर्मिती. काळ नव्हता तिथे 'तेव्हा' हा शब्दच निराधार, म्हणून 'तेव्हा देव काय करीत होता' हा प्रश्न उभाच राहत नाही. (काळ आकाशाबरोबर जन्मला, हे प्लेटोनेही म्हटले होते.) पुढे १९३१ साली जॉर्ज लमेत्र या बेल्जियन धर्मगुरू-गणितज्ञाने जगाचा आरंभ एका क्वांटमपासून कल्पिला, तेव्हा त्यानेही त्या आरंभी स्थळ आणि काळ या कल्पनांना अर्थ उरणार नाही असे लिहिले. त्याचा मार्ग पदार्थविज्ञानाचा होता, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, त्या मुलाला नावाने हाक मारली आणि म्हणालो, "परवा मी तुझा प्रश्न हसण्यावारी नेला. चुकलो." मग ऑगस्टीनचे म्हणणे जमेल तसे मांडले. मुलगा वहीत लिहून घेत होता. लिहिता लिहिता थांबला.

"सर, 'काळ नव्हता' यातलं 'नव्हता' कोणत्या काळाचं रूप?"

वीस वर्षे मी व्याकरण शिकवतो आहे. खडू हातात तसाच राहिला. "मला ठाऊक नाही," मी म्हणालो. या खेपेला कोणी हसले नाही.