बिननावाची पांढरी गोळी

गेल्या महिन्यात ओपीडीत साठीच्या एक मावशी आल्या. चेहरा गोल सुजलेला, हातांवर काळेनिळे डाग, रक्तातली साखर तीनशेच्या घरात. ‘‘गुडघ्यासाठी गोळी घेते, लई गुण आहे,’’ असं म्हणत त्यांनी पिशवीतून कागदाची पुडी काढली. आत चार सुट्या पांढऱ्या गोळ्या. नाव नाही, तारीख नाही. एक सकाळी, एक रात्री, एवढंच त्यांना ठाऊक. लक्षणं स्टेरॉइडची होती. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. हळूहळू कमी करायचं, तर मुळात डोस माहीत हवा. तो सांगणारं काहीच त्या पुडीवर नव्हतं.

अशी पुडी पाहिली की मला व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं औषधांचं दुकान आठवतं. इंग्लंडमध्ये श्रॉपशायर परगण्यातल्या ब्लिस्ट्स हिल इथे त्या काळचं एक गावच उभं केलं आहे. त्यात असं दुकानही आहे. २०१० मध्ये बीबीसीने तिथे त्यावर मालिकाही केली. काचेत रंगीत पाण्याच्या मोठाल्या बाटल्या, लॅटिन नावांचे खण, खलबत्ते. औषधाचा लगदा मळायचा, त्याची वळी करायची, पितळी खाचांच्या यंत्रावर कापायची आणि गोळ्या वळायच्या. आमच्या पिढीला यातलं बरंच ओळखीचं वाटेल. घरून नेलेली बाटली, कंपाउंडरने भरलेलं गुलाबी मिक्श्चर, डोस दाखवणारी कातरलेली कागदाची पट्टी, हे सगळं आपल्याकडे इंग्रजी दवाखान्यांबरोबरच आलं. आम्ही आजही चिठ्ठीवर ‘बीडी’, ‘टीडीएस’ लिहितो, ती त्याच लॅटिनची आद्याक्षरं.

दुकान देखणं होतं, पण खणांत काय होतं? लॉडनम म्हणजे दारूत विरघळवलेली अफू. खोकला, जुलाब, निद्रानाश, सगळ्यावर चाले आणि डॉक्टरच्या फीपेक्षा स्वस्त पडे. गुण यायचा, हे खरं. अफू आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून जुलाब थांबतात. खोकल्याची उबळ दबते. पण ती श्वासही मंदावते. ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ नावाचं अफूयुक्त गोड औषध तान्ह्या बाळांना शांत ठेवण्यासाठी सर्रास दिलं जाई. बाळ झोपे, दूध मागत नसे, हळूहळू वाळत जाई. काही बाळं उठलीच नाहीत. दात येताना द्यायच्या पावडरीत कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचं संयुग असे. हिंदुस्थानात सैन्याचे डॉक्टर असलेल्या जॉन कोलिस ब्राऊन यांनी पटकीवर ‘क्लोरोडाइन’ तयार केलं. त्यात अफू, क्लोरोफॉर्म आणि गांजाचा अर्क होता.

हे विकणाऱ्याला परीक्षा द्यावी लागत नव्हती. त्याचं मोल १८५८ च्या ऑक्टोबरअखेर ब्रॅडफर्ड शहराने मोजलं. साखर महाग, म्हणून मिठाईवाले तिच्यात जिप्समसारखी स्वस्त पांढरी भुकटी मिसळत. एका मिठाईवाल्याने ती आणायला औषधाच्या दुकानात माणूस पाठवला. दुकानदार आजारी होता. त्याच्या मदतनिसाने चुकून भलत्याच पिंपातून १२ पौंड, म्हणजे सुमारे साडेपाच किलो भुकटी दिली. ते आर्सेनिक होतं. पेपरमिंटच्या गोळ्या बाजारात विकल्या गेल्या. सुरुवातीच्या मृत्यूंना लोक पटकी समजले, कारण आर्सेनिकच्या विषबाधेतही तशाच उलट्या आणि जुलाब होतात. सुमारे २० जण दगावले, त्यांत मुलं होती. दोनशेच्या वर आजारी पडले. तिघांवर खटला भरला गेला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. कोणी मुद्दाम विष घातलं नव्हतं. दोन पांढऱ्या भुकट्यांतला फरक दाखवणारं ठळक लेबल तेवढं नव्हतं.

आर्सेनिकच्या विक्रीची नोंद ठेवण्याचा कायदा १८५१ मध्येच झाला होता. पण ते कोणी विकावं, यावर त्यात बंधन नव्हतं. १८६८ च्या फार्मसी कायद्याने यादीतली विषं विकण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत, परीक्षा उत्तीर्ण औषध विक्रेत्याला दिला. पुडक्यावर विष असल्याचा उल्लेख आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता सक्तीचा झाला. पेटंट औषधं मात्र या कायद्यातून सुटली.

आपल्याकडे १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा आहे. तरीही १९८६ मध्ये मुंबईत एका सरकारी रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. औषधी ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०१४ पासून काही अँटिबायोटिक्स, क्षयाची आणि सवय लावणारी औषधं विकताना रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वहीत लिहावं लागतं. कल्पना तीच, १८५१ मधली.

म्हणून सांगतो, सुटी, बिननावाची गोळी कितीही गुणाची असली तरी घेऊ नका. दुकानदार पट्टी कापून देत असेल, तर नाव आणि मुदत असलेला भाग मागून घ्या. बिल घ्या. दवाखान्यात येताना चिठ्ठीबरोबर गोळ्यांची पाकिटंही आणा.

मावशींना दाखल करून घ्यावं लागलं. डोस अंदाजाने ठरवला, रोज तपासण्या केल्या, मग तो उतरवत आणला. आता त्या दर पंधरा दिवसांनी येतात. खुर्चीत बसण्याआधीच पिशवी टेबलावर रिकामी करतात आणि अख्ख्या पट्ट्या माझ्यापुढे मांडतात.